कोठार आपोआप उठतं: घरच्या स्टोरेज सर्व्हरच्या अकरा रीबूटची तपासणी

१० मार्च २०२४. रात्री एक वाजून गेलेला. पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एकदा ‘पीं’ असा आवाज आला आणि थांबला. मी झोपेत होतो. सकाळी चहाच्या वेळी आई म्हणाली, “अरे, तुझं ते यंत्र रात्री आपलं आपणच उठलं बघ. कुणी हात लावला होता का?”

कुणीच लावला नव्हता. त्या दिवसापासून २८ एप्रिलपर्यंत, म्हणजे सात आठवड्यांत, कपाटातला तो सर्व्हर, म्हणजे घरच्या फायली साठवणारा संगणक, अकरा वेळा स्वतःहून रीबूट झाला, म्हणजे बंद पडून पुन्हा सुरू झाला. ‘पीं’ ही त्याची सुरू होतानाची शिट्टी. कारण सापडलं तेव्हा आधी राग आला, मग हसू. सगळी नोंदवही समोर आहे, तर प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो.

यंत्र साधंच आहे. एका ऑफिसने मोडीत काढलेला, चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, चार टीबीच्या चार हार्डडिस्क. डिस्क दोन-दोनच्या जोड्यांत, झेडएफएस या फाइल सिस्टिमवर. ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन १२ आणि नाव ‘कोठार’. घरातले फोटो, वडिलांनी स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं, लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या फायली असं सगळं त्यात आहे. वीज घराच्या इन्व्हर्टरवरून. आम्ही सांगलीत राहतो, उन्हाळ्यात दिवसातून दोन-चारदा लाईट ये-जा करतेच, त्यामुळे इन्व्हर्टरशिवाय असलं यंत्र ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली नोंद पाहिली तेव्हा एक गोष्ट लगेच दिसली. डेबियनमध्ये झेडएफएसचं ‘स्क्रब’, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी (आधी काढून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून पाहण्याचं काम, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री १२ वाजून २४ मिनिटांनी आपोआप सुरू होतं. १० मार्च हा दुसरा रविवार. म्हणजे स्क्रब चालू असताना यंत्र पडलं. उठल्यावर स्क्रब अर्ध्यातून पुढे सुरू झालं आणि एकही त्रुटी न दाखवता संपलं. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो: चारही डिस्क एकदम राबल्या, यंत्र तापलं आणि पडलं.

मग पुढचा रीबूट दुपारी चारला झाला. तेव्हा यंत्र अक्षरशः काहीच करत नव्हतं.

लॉगमध्ये काय नव्हतं

लॉग म्हणजे यंत्राची स्वतःची नोंदवही. ती दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेला ‘लिस्ट-बूट्स’ सांगितलं की प्रत्येक बूटची पहिली आणि शेवटची नोंद दिसते. यंत्र नीट बंद झालं असेल तर शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात. माझ्याकडे तसं काही नव्हतं. क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेची) एखादी साधी ओळ, आणि त्यानंतर थेट नव्या बूटची पहिली ओळ. वाक्य अर्ध्यात तुटावं तसं.

इथे एक खाचखळगा आहे. लॉग लिहिणारा जर्नलडी साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतो ते डिफॉल्टने पाच मिनिटांच्या अंतराने. त्यामुळे यंत्र अचानक मेलं तर शेवटच्या काही ओळी डिस्कवर पोचलेल्याच नसतात. ‘शेवटची ओळ ९:४२ ची, म्हणजे यंत्र ९:४२ ला पडलं’ असं धरून मी दोन आठवडे वेळा जुळवत बसलो होतो आणि काहीच जुळत नव्हतं. शेवटी रास्पबेरी पाय हा एक जुना, छोटासा संगणक काढला. तो दर सेकंदाला कोठारला पिंग करायचा, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ विचारायचा, आणि उत्तर थांबलं की वेळ लिहून ठेवायचा. शिवाय कोठारवर नेटकन्सोल लावलं, म्हणजे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मरता मरता जे काही ओरडायचं ते नेटवर्कवरून थेट पायकडे जावं, डिस्कवर अवलंबून राहू नये.

पायकडे काहीच आलं नाही. पुढच्या रीबूटलाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

हे ‘काहीच नाही’ किती बोलकं आहे हे मला फार उशिरा कळलं. कर्नल पॅनिक झालं, म्हणजे सावरता न येणारी चूक होऊन थांबलं, तर डेबियनमध्ये यंत्र रीबूट होतच नाही. ‘कर्नल.पॅनिक’ हे मूल्य मुळात शून्य असतं, म्हणजे पॅनिक झाल्यावर यंत्र तिथेच गोठून उभं राहतं. खात्री करायला एका दुपारी मी सिसआरक्यू या कर्नलला थेट दिल्या जाणाऱ्या आज्ञेने मुद्दाम पॅनिक घडवलं. यंत्र गोठलं, पायवर दोन पानं भरून मजकूर आला, आणि ‘पीं’ काही झालं नाही. म्हणजे सॉफ्टवेअर सुटलं. पीस्टोअरची डिरेक्टरी (मरतानाचे शेवटचे संदेश जिथे जपले जातात ती जागा) रिकामी होती, मशीन चेकची, म्हणजे प्रोसेसरने कळवलेल्या हार्डवेअरच्या चुकीची, एकही नोंद नव्हती.

पण हे शहाणपण एप्रिलमधलं. मार्चमध्ये मी काय केलं तेही लिहायला हवं.

वाया गेलेला मार्च

आधी रॅम. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं, सगळे पास स्वच्छ. तरी मन मानेना, म्हणून तीनेक हजार घालून नवीन रॅम आणली. दोन दिवसांनी रीबूट. मग बायोस (मदरबोर्डवरचं, यंत्र सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. डिस्कच्या साटा केबली बदलल्या. त्यांचा तसा काही संबंध नव्हता, पण उघडलंच आहे तर बदला, असा विचार.

मग २४ मार्चला कपाटाचं दार काढून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. त्यानंतर नऊ दिवस एकही रीबूट नाही! मी भावाला फोन करून सांगितलं की उष्णता होती, मिटलं. दहाव्या दिवशी संध्याकाळी ‘पीं’.

नंतर हिशोब मांडला. ४९ दिवसांत अकरा, म्हणजे सरासरी साडेचार दिवसांत एक. अशा लहरी बिघाडात नऊ दिवसांची शांतता निव्वळ योगायोगाने साधारण सात-आठ वेळांतून एकदा मिळतेच. पंख्याने काही केलं नव्हतं. मी त्याला श्रेय देऊन मोकळा झालो होतो, एवढंच.

विजेवर संशय का घेतला नाही, असं कुणीही विचारेल. घेतला होता, आणि तीन कारणांनी सोडूनही दिला होता. एक, त्याच इन्व्हर्टरवरचा राउटर आणि पाय कधीच पडत नव्हते. दोन, दुपारी लाईट गेली की मी मुद्दाम जाऊन बघायचो, तर कोठार आपलं शांतपणे चालू असायचं. तीन, बायोसमध्ये मी ‘वीज परत आल्यावर बंदच राहा’ असं ठेवलं होतं. वीज गेली असती तर यंत्र बंद राहिलं असतं. ते तर स्वतःहून उठत होतं. मल्टिमीटरही लावून पाहिलं: १२ व्होल्टच्या तारेवर १२.१, पाचच्या तारेवर ५.०५. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, ठणठणीत.

तिन्ही कारणं ऐकायला पक्की वाटतात. तिन्ही चुकीची निघाली.

डिस्कच्या पोटातली साक्ष

कलाटणी मिळाली ती स्मार्टच्या तक्त्यात. हार्डडिस्क स्वतःबद्दल जे आकडे ठेवते त्यांत बारावा आकडा ‘पॉवर सायकल काउंट’चा, म्हणजे डिस्कची वीज किती वेळा गेली-आली. १९२ क्रमांकावर वीज अचानक गेल्यामुळे डेटा वाचणारं हेड घाईने मागे घ्यावं लागलं, त्याची मोजणी असते. हे आकडे मी वर्षानुवर्षं पाहतोय, पण ते रीबूटबद्दल काही सांगू शकतील हे डोक्यात आलं नव्हतं.

आधी कसोटी लावली. कॅबिनेटवरचं रिसेट बटण दाबलं. यंत्र पुन्हा सुरू झालं, ‘पीं’ झालं, पण बारावा आकडा तसाच. बरोबर आहे. साध्या रिसेटमध्ये डिस्कची वीज तुटत नाही. मग पुढच्या आपोआप झालेल्या रीबूटची वाट पाहिली. ११ एप्रिलला झाला. चारही डिस्कवर बारावा आकडा एकाने वाढला होता आणि १९२ सुद्धा.

म्हणजे हा रिसेट नव्हता. क्षणभर का होईना, डिस्कची वीज खरोखर जात होती. रॅम, प्रोसेसर, कर्नल, तापमान ही सगळी मंडळी एका फटक्यात निर्दोष. ज्याला कुणाला घरच्या सर्व्हरचा असा त्रास असेल त्याने सगळ्यात आधी ही दोन मिनिटांची तपासणी करावी. फुकट आहे. मी ती पाचव्या आठवड्यात केली.

मग बायोसचं काय? एसएमपीएसमधून मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाचा एक संकेत जात असतो: सगळे व्होल्टेज ठीक आहेत, चालू दे. तो संकेत पडला की बोर्ड यंत्र पाडतो, वीज तोडून पुन्हा जोडतो आणि सुरुवातीपासून सुरू करतो. बायोसमधली सेटिंग ही वीज पूर्ण गेली तर काय करायचं, याबद्दल आहे. इथे स्टँडबायचे (यंत्र बंद असतानाही बोर्डाला मिळणारे) पाच व्होल्ट तगून राहत होते, म्हणून बोर्डाच्या लेखी लाईट गेलीच नव्हती. फक्त एसएमपीएसला उचकी लागली होती.

उचकी कशाने लागते हे पकडायला जुना मोबाइल कामी आला. इन्व्हर्टर मेनवरून बॅटरीवर आणि परत मेनवर जाताना आतला रिले ‘टक’ वाजतो. मोबाइल चार्जिंगला लावून इन्व्हर्टरवर ठेवला आणि ध्वनिमुद्रण चालू करून दिलं. १९ एप्रिल, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं: टक. चार सेकंदांनी, लांबून, पीं. पायच्या नोंदीतही पिंग त्याच सेकंदाला थांबलेला. पण त्याच संध्याकाळच्या मुद्रणात एकूण चौदा ‘टक’ होते आणि ‘पीं’ फक्त एक. चौदातले तेरा सर्व्हरने पचवले होते.

साधा गुणाकार

मेनची वीज गेल्यापासून इन्व्हर्टरची येईपर्यंत जो काही मिलिसेकंदांचा खड्डा पडतो तो एसएमपीएसच्या आतले मोठे कॅपॅसिटर भरून काढतात. डेस्कटॉपसाठीच्या एटीएक्स या मार्गदर्शक प्रमाणानुसार एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तरी तग धरायला हवा. प्रत्यक्षात किती धरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: कॅपॅसिटर किती, त्या क्षणी व्होल्टेज किती, आणि यंत्र ओढतंय किती.

माझा एसएमपीएस जुना, पीएफसी (मेनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) नसलेला. त्यात प्रत्येकी ४७० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर एकामागे एक जोडलेले, म्हणजे मिळून २३५. दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांकडे नेला. (हे घरी उघडू नका. आत तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात, प्लग काढल्यावरही.) त्यांनी आधी कॅपॅसिटर रिकामे केले, काढले आणि मीटरला लावले. “टोपी फुगलेली नाही, दिसायला एकदम चांगले आहेत,” ते म्हणाले, “पण आत कोरडे झालेत.” प्रत्येकी साधारण २६० भरले. म्हणजे जोडीचे मिळून १३०.

आता गणित. आत साठलेला दाब, म्हणजे व्होल्टेज, मेनच्या सुमारे १.४१ पट असतो: २३० ला ३२५, १९० ला २६९. तो २४० च्या खाली उतरला की एसएमपीएस हात टेकतो असं सोयीसाठी धरलं. वीज मोजणाऱ्या स्मार्ट प्लगवर यंत्र निवांत असताना ४८ वॅट दाखवत होतं, स्क्रब चालू असताना ९०. त्यावरून:

दुपारी २३० व्होल्ट, यंत्र निवांत: तग सुमारे ६५ मिलिसेकंद.
दुपारी २३० व्होल्ट, स्क्रब चालू: ३५.
संध्याकाळी १९० व्होल्ट, निवांत: २०.
संध्याकाळी १९० व्होल्ट, स्क्रब चालू: साधारण ११.

संध्याकाळी आमच्याकडे १९० च्या आसपासच व्होल्टेज असतं. लाइनच्या शेवटाला आमची इमारत, त्यात सोसायटीची पाण्याची मोटार आणि सगळ्यांचे एसी. हे मल्टिमीटरने भिंतीच्या प्लगला मोजलं. एसएमपीएसच्या तारांना मीटर लावून काही कळणार नव्हतं, कारण मीटर दाखवतो तो संथ सरासरी आकडा. वीस मिलिसेकंदांचा खड्डा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातो.

आणि इन्व्हर्टर? त्याच्या मागे धुळीत बुडालेलं एक छोटं बटण होतं: ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’. पंख्या-दिव्यांसाठी नॉर्मल, संगणकासाठी यूपीएस. नॉर्मलमध्ये तो कमी व्होल्टेज तसंच पुढे ढकलत राहतो आणि बॅटरीवर जायला, माझ्या मॉडेलच्या पुस्तिकेनुसार, ४० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. यूपीएसमध्ये १८० च्या खाली गेलं की लगेच, १० च्या आसपास. आमचं बटण २०१९ पासून नॉर्मलवर होतं. बसवणाऱ्या वायरमनची चूक म्हणणार नाही. तेव्हा घरात कोठार नव्हतं, आणि कमी व्होल्टेजच्या भागात यूपीएसवर ठेवलं तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो आणि बॅटरी लवकर थकते.

४० ची तुलना वरच्या चार आकड्यांशी केली की सगळं उलगडतं. दुपारी निवांत असताना ६५, म्हणून मी बघायला जायचो तेव्हा यंत्र तग धरून असायचं. स्क्रबला ३५, म्हणून कधी पडायचं, कधी नाही. संध्याकाळी निवांतसुद्धा बेभरवशाचं. चारच्या त्या रीबूटच्या वेळी व्होल्टेज बहुधा आधीच खाली गेलेलं असावं. मोजलं नव्हतं, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. आणि राउटर, पाय? ते पाच-दहा वॅट ओढतात, त्यांच्या अडॅप्टरला ४० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही.

मुद्दाम पाडणं

कागदावरचं गणित पटलं तरी यंत्रावर दाखवल्याशिवाय मी ते खरं धरत नाही. पंख्याने एकदा फसवलं होतं. बॅकअप भावाच्या घरच्या डिस्कवर ताजा केला, झेडएफएसचा पूल (चारही डिस्कचा एकत्र साठा) एक्सपोर्ट केला, म्हणजे नीट सोडवून ठेवला, लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं. डिस्कवर काही लिहायचं नाही, डीडी या आज्ञेने चारही डिस्क फक्त वाचत राहायच्या. मग इन्व्हर्टरचा मेनमधला प्लग काढायचा-घालायचा, प्रत्येक परिस्थितीत दहा-दहा वेळा.

दुपारी, २२८ व्होल्टवर, निवांत: दहापैकी शून्य वेळा पडलं. डिस्क वाचत असताना: चार. संध्याकाळी १९२ वर, निवांत: पाच. डिस्क वाचत असताना: नऊ. आई दारात उभी राहून मोजत होती. सातव्या ‘पीं’ला म्हणाली, “झालं ना आता सिद्ध? सोड त्याला.”

बटण यूपीएसवर टाकलं आणि पुन्हा केलं. फक्त शेवटच्या परिस्थितीत दहापैकी दोनदा पडलं, बाकी शून्य. गणितही तेच म्हणत होतं: ११ विरुद्ध साधारण १०, म्हणजे काठावरची मारामारी. फुकटात एवढं मिळालं हे खूपच, पण एसएमपीएस बदलणं भाग होतं. तसाही कोरड्या कॅपॅसिटरचा एसएमपीएस चार डिस्कच्या जिवावर ठेवण्यात शहाणपण नाही.

नवीन घेताना वॅटकडे पाहिलंच नाही. ९० वॅटच्या यंत्राला ४५० काय आणि ५५० काय. पाहिलं ते अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आणि १०० ते २४० व्होल्टचा इनपुट. असा एसएमपीएस आतला दाब स्वतः चढवून ३८० च्या आसपास ठेवतो, त्यामुळे बाहेर १९० असो की २३०, तग तेवढाच. एक सावधगिरी: काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुरकुरतात. आमचा साइन वेव्ह आहे, म्हणून निश्चिंत.

नवीन बसवून चारही परिस्थिती पुन्हा, बटण मुद्दाम नॉर्मलवर ठेवून. चाळीसपैकी शून्य. मग बटण यूपीएसवर टाकलं आणि त्यावर सेलोटेप चिकटवला.

एक गोष्ट राहिली होती. इन्व्हर्टरला डेटाची वायर नाही, त्यामुळे बॅटरी संपत आली हे कोठारला कळायचा मार्ग नाही. यूएसबीवाला वेगळा यूपीएस घेतला तर नट हे सॉफ्टवेअर ते काम चोख करतं, पण एवढ्या खर्चानंतर घरात तो विषय काढायची छाती झाली नाही. तेव्हा अडगळीतला एक जुना राउटर थेट मेनच्या प्लगला लावला, इन्व्हर्टर वगळून. पाय त्याला पिंग करतो. सलग तीस मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे लाईट लांबली, मग पाय कोठारला नीट बंद व्हायला सांगतो.

मेअखेरच्या वळवात एका रात्री दोन तास लाईट नव्हती. सकाळी लॉग पाहिला: सेवा एकेक करून थांबल्या, पूल एक्सपोर्ट झाला, यंत्र बंद. ओळीच्या ओळी, कुठेही न तुटलेल्या. फक्त परत सुरू करायला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ती ओळ मी स्क्रिप्टमध्ये लिहायची विसरलो होतो. वाकून बटण दाबलं. पीं.